फोटोत मागे काय दिसतंय, ते बघा

तुमच्या घरात एक ट्रंक असेल. नाहीतर जुनी सुटकेस, नाहीतर गोदरेजच्या कपाटातला सगळ्यात वरचा कप्पा. त्यात लग्नाचे अल्बम असतील. बारशाचे, दुकानाच्या पूजेचे, गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो असतील. ती ट्रंक येत्या रविवारी खाली काढा. शाहूपुरीतल्या प्रत्येक घराला माझी ही विनंती आहे.

फोटो काढलेत की या वेळी चेहरे बघू नका. ते तुम्ही पुष्कळदा बघितलेत. माणसांच्या मागे बघा. नवरदेवाच्या मागे कुणाची माडी दिसते? काकांच्या पहिल्या स्कूटरमागे कुठल्या दुकानाची पाटी आहे? रस्ता मातीचा आहे की डांबरी? गटार उघडं आहे की वर फरशी आहे? कोपऱ्यावर झाड आहे का? ते झाड आज कुठं आहे?

फोटोतली माणसं तुमची आहेत. त्यांच्या मागची गल्ली सगळ्यांची आहे. आणि त्या गल्लीचा, त्या वर्षीचा दुसरा फोटो बहुतेक कुठंच नाही.

असं का झालं, ते सांगतो.

कोल्हापूरला रेल्वे आली 1891 साली. मिरजेहून गाडी सुरू झाली आणि स्टेशनाजवळची जागा मोक्याची झाली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी तिथं व्यापारी पेठ वसवली. तीच ही शाहूपुरी. गुळाचे सौदे, अडत दुकानं, गोदामं, हमालांची वर्दळ, बैलगाड्यांच्या रांगा, यांवर ही पेठ मोठी झाली. पुढे गुळाचा मोठा व्यवहार मार्केट यार्डात गेला. गोदामांच्या जागी लॉज आले, दवाखाने आले, ऑफिसं आली, अपार्टमेंट आली. व्हीनस टॉकीज गेलं, चौकाला त्याचं नाव तेवढं राहिलं. हे सगळं तुमच्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि तुमच्या डोळ्यांदेखत झालं.

जुन्या कोल्हापूरचे फोटो तर पुष्कळ आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत. नवा राजवाडा, टाउन हॉल, रंकाळा, पंचगंगेचा घाट, अंबाबाईचं देऊळ, आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. कोल्हापूरचे असे काही फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. त्या काळी कॅमेरा जड होता. काचेच्या प्लेटा नाजूक होत्या आणि खर्च मोठा होता. एवढा खटाटोप करून फोटोग्राफर उभा राहायचा तो राजवाड्यापुढे, देवळापुढे.

तिसऱ्या गल्लीतल्या अडत दुकानाचा फोटो काढायला कुणी आलं नाही. तो काढून घेतला तुमच्या घरच्यांनी. दसऱ्याला तराजूची पूजा झाली, सगळे दारात उभे राहिले, आणि स्टुडिओवाल्याला बोलावलं.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात जुन्या अरुंद गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले. तेव्हा त्या शहराने शार्ल मार्व्हिल नावाच्या फोटोग्राफरला नेमलं. पाडायच्या आधी या गल्ल्यांचे फोटो काढून ठेव, असं त्याला काम दिलं. आज त्या गल्ल्या नाहीत, पण फोटो आहेत. आपल्या पेठेसाठी असं कुणाला नेमलं नव्हतं. आपल्याकडे ते काम लग्नाच्या फोटोग्राफरने केलं. त्याला ते माहीतही नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, या जुन्या भिंती आणि पाट्या बघून आमचा काय फायदा? रास्त प्रश्न आहे.

पहिला फायदा पाण्याचा आहे. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. पाऊस जोरात झाला की गांधी मैदानात पाणी का साठतं, असं नवीन माणूस विचारतो. तळ्याचा जुना फोटो त्याचं उत्तर देतो. पाण्याला आपली जागा माहीत असते, आपण ती विसरतो.

शाहूपुरीला तर हे सांगायलाच नको. जयंती नाल्याकडच्या सखल भागात, मूर्तिकारांच्या कुंभार गल्लीत 2019 ला पाणी आलं, 2021 ला आलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तुमच्या दारात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, याचा फोटो तुमच्या फोनमध्ये असेल. आजोबांच्या वेळच्या पुराचाही एखादा फोटो असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवा. मग विजेचा मीटर किती उंचीवर बसवायचा, दुकानात माल कुठल्या फळीपासून वर ठेवायचा, गणपतीच्या मूर्ती कुठं हलवायच्या, हे अंदाजावर राहत नाही. नव्याने भाड्याने येणाऱ्या माणसालाही हा फोटो दाखवा. त्याचा संसार वाचेल.

दुसरा फायदा पुन्हा बांधताना होतो, आणि त्याचं उदाहरण सगळ्या कोल्हापूरच्या जिव्हारी लागलेलं आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. 1915 सालचं ते पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं. आगीनंतर ते जसं होतं तसंच पुन्हा उभं करायचं ठरलं. पण जसं होतं म्हणजे कसं? छताखालची लाकडं कशी होती, सज्जा कसा होता, दारावरचं काम कसं होतं? हे सांगायला फोटो लागतात, नकाशे लागतात, मोजमापं लागतात. नाट्यगृह सगळ्यांचं होतं, म्हणून त्याचे फोटो शेकडो लोकांकडे होते. तुमच्या घराचे फोटो तुमच्याशिवाय कुणाकडे असणार?

या गावाने असं नुकसान आधीही सोसलंय. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, इथंच मूकपट काढले. त्यातले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. एवढं मोठं काम, पण जपून ठेवायचं राहिलं.

आणखी एक गोष्ट घरातली आहे. दोन घरांच्या मधे बोळ होता की नव्हता, जिना कुणाच्या बाजूला उतरत होता, पन्हाळीचं पाणी कुठं पडत होतं, यावरून शेजाऱ्यांत वाद होतात. फोटो म्हणजे प्रॉपर्टी कार्ड नव्हे. हद्द ठरवायला सिटी सर्व्हेचे कागदच लागतात. पण चार माणसांत बसून बोलताना जुना फोटो समोर असला की आवाज खाली येतो. पुष्कळ वाद तिथंच मिटतात.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा. फोटो जपायची बाकीची कामं पुढच्या महिन्यात केली तरी चालतील. हे काम थांबू शकत नाही. कागद आणखी दहा वर्षं टिकेल. त्या कागदावर कोण आहे, हे सांगणारं माणूस टिकेलच असं नाही.

सकाळची वेळ धरा. उजेड चांगला असतो, माणूस ताजातवाना असतो. चष्मा शोधून द्या. सगळे अल्बम एकदम पुढ्यात टाकू नका, थकवा येतो. एका बैठकीला दहा-पंधरा फोटो पुरेत.

“हा कधीचा फोटो?” असं विचारू नका. सालं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. “हा कुठं काढला?” असं विचारा. “तेव्हा घरात कोण कोण होतं?” असं विचारा. मग आजी सांगतात, धाकटीचं बारसं होतं, तेव्हा अजून माडी चढवली नव्हती. धाकटीचा जन्म कधीचा ते तुम्हाला ठाऊक आहे. साल आपोआप निघालं.

घरातल्या बायकांना आवर्जून विचारा. पुरुषांना दुकानांची नावं आठवतात. पाण्याचा नळ कुठं होता, पिठाची गिरणी कुठं होती, कुणाच्या परड्यात कढीपत्ता होता, बाळंतिणीला बघायला कुठल्या घरातून बाई यायची, हे बायकांना आठवतं. गल्ली खऱ्या अर्थाने त्यांच्या पायाखालची आहे. शेजारच्या म्हाताऱ्या मामांनाही बोलवा. पेठेत हमाली केलेलं कुणी असेल, कुंभार गल्लीतलं कुणी जुनं माणूस असेल, त्यांनाही चहाला बोलवा. गोदामाचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, हे मालकापेक्षा पाठीवरून गुळाचे रवे वाहणाऱ्याला जास्त ठाऊक असतं.

बोलणं चालू असताना फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. आधी त्यांना सांगा आणि मग लावा.

मग लिहा. फोटो स्वच्छ, कडक जागेवर पालथा ठेवा. मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते आणि शाई पसरते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तसं असेल तर कागदी पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो त्यात घाला.

डावीकडून उजवीकडे माणसांची नावं लिहा. जागा लिहा, आणि नुसतं “घरासमोर” लिहू नका. कुठली गल्ली, कुठलं घर, कुठल्या दिशेला तोंड, ते लिहा. ही माहिती कुणी सांगितली तेही लिहा. खात्री नसेल तर “अंदाजे” हा शब्द न लाजता लिहा. चुकीचं साल ठाम लिहिण्यापेक्षा अंदाजे बरं. पुढचा माणूस ते तपासू शकतो.

कुणालाच काही आठवत नसेल तर फोटोलाच विचारा. मागच्या पाट्या वाचा. दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर फोटो 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. कचऱ्याच्या गाडीवर किंवा फलकावर “कोल्हापूर नगरपालिका” असेल, तर तो फलक 15 डिसेंबर 1972 च्या आधी रंगवलेला आहे. त्या दिवसापासून महानगरपालिका झाली. मात्र सांभाळून. जुनी पाटी वर्षानुवर्षं तशीच राहते. पाटी आधीची आणि फोटो नंतरचा, असंही होतं. भावफलकावर आणे असतील तर काळ 1957 च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. “नये पैसे” असतील तर 1957 नंतरची काही वर्षं, कारण 1964 मध्ये त्यातलं “नये” गेलं. गाडीवर एमएच 09 असेल तर फोटो 1989 च्या आधीचा असूच शकत नाही.

पुतळेही साल सांगतात. शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. 1945 मध्ये तिथं शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकरांचे अर्धपुतळे दिसत असतील तर फोटो डिसेंबर 1950 नंतरचा. बाबासाहेबांच्या हयातीत बसलेला तो पुतळा आहे. तुमच्या मामांच्या वरातीच्या फोटोत तो कोपऱ्यात आला असेल, तर तो फोटो नीट जपा.

हे शोधायला लहान मुलांना बसवा. त्यांची नजर तीक्ष्ण असते. भिंग द्या आणि पाट्या वाचायला सांगा. सुट्टीतली एक दुपार चांगली जाईल.

पुढचं काम म्हणजे फोटोंच्या नकला. स्कॅनर नसला तरी अडत नाही. खिडकीजवळ, ऊन थेट येणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा. फोनचा फ्लॅश बंद करा. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा, म्हणजे घरं वाकडी दिसणार नाहीत. तुमची सावली पडू देऊ नका. पुढची बाजू काढा, मागचीही काढा. मागे स्टुडिओचा शिक्का आणि नंबर असतो, तो फार कामाचा असतो. कडेचा पुठ्ठा, पांढरी किनार, सगळं येऊ द्या.

आणि कापू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगतो. मुलीच्या लग्नात स्क्रीनवर दाखवायला म्हणून आपण फोटोतला चेहरा तेवढा ठेवतो आणि बाकीचं कापून टाकतो. नेमकं त्या कापलेल्या भागात गावाचा इतिहास असतो. आधी पूर्ण फोटोची नक्कल करा. नंतर हवा तेवढा चेहरा त्या नकलेतून घ्या.

दुकानात स्कॅन करायला दिलेत तर 600 डीपीआयवर करा असं सांगा. मूळ फोटो रात्रभर तिथं ठेवू नका. समोर बसून करून घ्या आणि घेऊन या. घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होतो आणि पाटीवरची अक्षरं पुसट होतात. फाइलला नाव द्या: शाहूपुरी, गल्ली, साल, कुटुंब. नुसते आकडे असलेल्या फाइली नंतर कुणी उघडत नाही.

एक नक्कल फोनमध्ये, एक कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा. तिन्ही एकाच घरात ठेवल्या तर पुरात तिन्ही जातात.

जुने फोटो रंगीत करून देणारी, फाटलेला भाग भरून देणारी अॅप आता फोनवर मिळतात. आजीचा चेहरा उजळ दिसतो, बरं वाटतं. घरात लावायला तो खुशाल वापरा. पण ते अॅप जे भरतं ते मनचं भरतं. दाराचा रंग त्याला माहीत नसतो. पाटीवरची अर्धी अक्षरं ते स्वतःच्या कल्पनेने पुरी करतं. म्हणून मूळ नक्कल वेगळी ठेवा आणि रंगवलेल्या फोटोच्या नावात “रंगवलेला” असं लिहा. तसंच, “जुनं कोल्हापूर” म्हणून आलेला फोटो कुठला आहे ते कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. दुसऱ्याच गावाचा रस्ता आपला म्हणून फिरतो, आणि मुलांच्या मनात तोच बसतो.

आता ठेवण्याबद्दल थोडं. फोटोचे शत्रू तीन: ओल, ऊन आणि कसर. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. जमिनीलगत ठेवू नका. बाहेरच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघरात किंवा मोरीशेजारी ठेवू नका. आतल्या खोलीतलं, कमरेच्या वरचं कपाट चांगलं. चिकट पानांवर प्लॅस्टिक चढवलेले अल्बम फोटो खातात. त्यातले फोटो सहज सुटत असतील तर काढा आणि कागदी पाकिटांत घाला. सुटत नसतील तर ओढू नका, पानासकट नक्कल करा. काचेला चिकटलेला फोटोही ओढू नका. काचेवरूनच, उजेडाची चमक टाळून, त्याची नक्कल घ्या. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने धूळ झटका. पावसाळा संपला की एकदा सगळे उघडून हवेवर ठेवा, पण सावलीत.

घरात काचेच्या जुन्या प्लेटा सापडल्या तर एकावर एक रचू नका. प्रत्येक प्लेट कागदात गुंडाळा आणि खोक्यात उभी ठेवा. निगेटिव्ह तर कधीच फेकू नका. फोटो गेला तरी निगेटिव्हवरून पुन्हा निघतो. गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी निगेटिव्हचे डबे पडून असतात. ओळख असेल तर जाऊन विचारा. तुमच्या फोटोमागचा नंबर इथं उपयोगी पडतो. असे डबे अडगळ म्हणून भंगारात जाऊ देऊ नका.

पुराचं वेगळं सांगायला हवं. 39 फुटांचा इशारा आला की सामान वर हलवताना फोटोंचं खोकंही वर घ्या. त्यासाठी सगळे फोटो आधीपासूनच एका खोक्यात असलेले बरे. पण पाणी घरात शिरल्यावर फोटोसाठी कुणी परत जायचं नाही. माणूस आधी.

फोटो भिजलेच तर घाबरू नका. ओले असताना एकमेकांपासून ओढून वेगळे करू नका. स्वच्छ गार पाण्याच्या टबात ठेवा, पाणी बदला, ते हळूहळू सुटतात. दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग पांढऱ्या सुती कापडावर, चित्र वर करून, पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात नको, इस्त्री नको. फोटो खूप असतील आणि हात कमी असतील, तर मधे बटर पेपर घालून पिशवीत भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर सवडीने एकेक सोडवता येतात. काचेवरचे जुने फोटो मात्र पाण्यात बुडवू नका. पुराचं पाणी घाण असतं, हातात मोजे घाला.

ज्यांचे फोटो 2019 ला किंवा 2021 ला गेले, त्यांना एक मार्ग सांगतो. लग्नाच्या फोटोंच्या प्रती तेव्हा नातेवाइकांना दिल्या जायच्या. सांगलीच्या आत्या, इचलकरंजीच्या मावशी, मुंबईला मिलमध्ये गेलेले काका, यांच्या घरी त्या प्रती असतील. आपल्या घरातले फोटो पाण्यात गेले असले तरी लेकीबाळींच्या अल्बमांत तुमचं जुनं दार अजून उभं असेल. त्यांना फोन करा. मूळ फोटो मागू नका, तिथंच नक्कल करून घ्या.

घरात कुणालाच फोटो नको असतील तर ते कचऱ्यात टाकू नका. टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे, कोल्हापूरचं पुरालेखागार आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. आधी जाऊन विचारा. ते घेणार असतील तर लेखी पोच घ्या, आणि देण्याआधी नक्कल ठेवून घ्या. तोंडी भरवशावर कुणालाही मूळ फोटो देऊ नका, मग तो कितीही गोड बोलणारा असो.

लोकांत फोटो दाखवताना मर्यादा पाळा. फोटोत दुसऱ्या घरातली माणसं असतील तर त्यांना विचारा. मयताचे, आजारपणाचे फोटो घरातच ठेवा.

तालमींना आणि मंडळांना माझं वेगळं सांगणं आहे. गणपतीत तुमच्याकडे पोरं असतात, मांडव असतो, गर्दी असते. एखाद्या वर्षी मांडवाच्या एका बाजूला गल्लीचे जुने फोटो लावा. मूळ नको, नकला लावा. खाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. येणारी माणसं थांबतील, बोटं दाखवतील, नावं लिहितील. कुंभार गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणारी घरं आहेत. त्यांच्या जुन्या कारखान्यांचे, ओळीने वाळत ठेवलेल्या गणपतींचे फोटो त्यांच्याकडे असतील. ते मानाने मागा, मानाने परत करा.

शेवटचं काम आजच्या फोटोंचं. जुना फोटो जिथून काढला होता, तिथं उभे राहा आणि तोच कोन धरून आजचा फोटो काढा. पाट्या येऊ द्या, तारा येऊ द्या, उभ्या गाड्या येऊ द्या. रस्ता रिकामा व्हायची वाट बघू नका. दरवर्षी दसऱ्याला, सोनं वाटायला निघालात की, आपल्या गल्लीच्या दोन्ही टोकांवरून एकेक फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं असेल तर सामान हलवायच्या आधी फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. मग आत या. चौकट, कडी, जिना, तुळया, फरशीची नक्षी, देवघराचा कोनाडा, दारावरचा घर क्रमांक. घरातलं सगळ्यात मोठं माणूस दारात उभं करा आणि एक फोटो काढा. पाडायला सुरुवात झाल्यावर हे होत नाही. त्या दिवशी सगळेच घाईत असतात.

तुमच्या गल्लीत या वर्षी कुठलं घर पडणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्या घरच्यांशी आजच जाऊन बोला.